परत पाठवलेली दोन कार्डे

बाई, स्मरणिकेसाठीचा लेख मी काल दुपारी पूर्ण केला. आपल्या संस्थेच्या नव्या कार्यकारिणीने जुन्या दिवसांविषयी दोन पाने मागितली होती. कार्यकारिणीतल्या दोघांचा जन्म तुमच्याच हातून झालेला आहे, आणि त्यांना आता चाळिशीचे चष्मे लागले आहेत. लेख हिंदीत द्यावयाचा होता. म्हणून तो तीन वेळा तपासला, मुलाकडून वाचवून घेतला आणि त्याने सुचवलेल्या दोन दुरुस्त्यांपैकी एक मान्य केली. शहरातल्या डॉक्टरांची ही संस्था कशी वाढली, कार्डांची पद्धत कोणी घातली, काविळीच्या साथीत काय काय झाले, हे सगळे त्यात क्रमाने आले आहे. वाक्ये निर्दोष आहेत. तरीही लेख पाकिटात घातल्यावर मला स्वस्थ बसवेना, कारण त्या दोन पानांत तुम्ही कुठेच हसत नाही आणि मला एकदाही टोचून बोलत नाही. तुमच्याविषयीचा मजकूर तुमच्यावाचूनच पूर्ण झाला, असे काहीतरी वाटले. म्हणून आज मराठीत लिहायला बसलो आहे. घरात आता मराठी वाचणारा मी एकटाच उरलो आहे. नात ऐकते, समजते आणि उत्तर हिंदीत देते. तेव्हा हे पत्र मेजावर उघडे टाकून मी अंघोळीला गेलो तरी काही बिघडत नाही.

तुम्ही मला कामावर घेतलेत ते तुमच्या स्वयंपाकघरात. रेल्वेच्या कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते, आणि घरात मी सगळ्यांच्या दुरुस्त्या करीत बसतो म्हणून बायकोनेच मला तुमच्याकडे पिटाळले होते. समता कॉलनीतले तुमचे घर, खाली दवाखाना, वर तुम्ही. गोळाभाताचे गोळे वळता वळता तुम्ही माझा अर्ज मला धरायला लावलात, कारण तुमचे हात बेसनाने भरलेले होते, आणि मान तिरकी करून तो वाचलात. मग म्हणालात, "अर्जात एक बी चूक नाही, मास्तर. मले भेवच वाटते अशा माणसाचं." मी मास्तर कधीच नव्हतो. त्या दिवसापासून झालो. तुमचे बोलणे ऐकून मी चकित झालो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. वैद्यकाची एवढी मोठी पदवी, चाळीस वर्षांची प्रॅक्टिस, आणि तोंडी 'मले' नि 'काहून'. माझे वडीलही वर्ध्याकडूनच इकडे आले, पण त्यांनी आम्हां भावंडांच्या जिभेवरून ते शब्द छडीने काढून टाकले होते. पहिल्याच महिन्यात एकदा तुमच्याकडे जेवताना मी तुम्हांला अदबीने सुचवले, की सभेत तरी 'मला' म्हणावे. तुम्ही रागावला नाहीत. "माझ्याकडं बाई पोट धरून येते, मास्तर," तुम्ही म्हणालात, "व्याकरण धरून नाही येत." आणि मला दुसरा गोळा वाढलात.

ते दिवसच निराळे होते. रायपूर नुकतेच राजधानी झाले होते आणि शहराला स्वतःलाच त्याची सवय झालेली नव्हती. भोपाळहून फायलींनी भरलेल्या ट्रंका येत होत्या, साहेब लोक भाड्याची घरे शोधत हिंडत होते, आणि मंत्रालय बसले होते एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत. त्यावर तुम्ही म्हणाला होतात, की चला, आता सरकारची नाडी पाहायला लांब जायला नको. आपल्या संस्थेचे कार्यालय म्हणजे एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेवरच्या दोन खोल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, डॉक्टर लोक महिन्यातून एकदा जमून जेवतात आणि भाषणे ऐकतात. जेवत होते, हे खरेच आहे. पण तिथे बसल्यावर मला जे दिसले ते मी कोणत्याही कचेरीत पाहिलेले नव्हते. एखादा डॉक्टर आजारी पडला, की त्याचा दवाखाना बंद राहत नसे. बाकीचे पाळीपाळीने जाऊन बसत, आणि पाळीचा तक्ता मी तयार करीत असे. एका तरुण डॉक्टराच्या दवाखान्यात एक म्हातारे गृहस्थ दगावले आणि दाराशी जमाव जमला, तेव्हा तुम्ही तिघा वयस्कर डॉक्टरांना घेऊन गेलात आणि दाराबाहेरच्या बाकावर नुसत्या बसून राहिलात. कोणाशी वाद घातला नाहीत. म्हाताऱ्याच्या मुलाला शेजारी बसवून घेतलेत, वडिलांना काय काय आवडत असे ते विचारत राहिलात, आणि दुपारपर्यंत जमाव पांगला. तो तरुण डॉक्टर नंतर आठवडाभर दवाखाना उघडायला धजेना; तेव्हा रोज सकाळी कोणी ना कोणी त्याच्याकडे चहाला जाईल, असाही एक तक्ता तुम्ही मला करायला लावलात. त्या तक्त्याला शीर्षक काय द्यावे, हे मला अखेरपर्यंत सुचले नाही.

आणि ती दुसऱ्या शनिवारची सभा. व्याख्यान संपले, की जेवणापूर्वी दार लावले जाई, आणि एक डॉक्टर उभा राहून स्वतःची एक चूक सांगे. निदान चुकले, औषध चुकले, रोग्याचे म्हणणे पुरते ऐकले नाही, जे असेल ते. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. उपदेश करायचा नाही, समजूतही घालायची नाही. आणि त्याचे काहीही लिहून ठेवायचे नाही. पहिल्या सभेत मी सवयीने वही उघडली, तर तुम्ही पलीकडून म्हणालात, "टोपण लावा, मास्तर." बावीस वर्षे मी प्रत्येक बैठकीचा वृत्तांत लिहीत आलो होतो, लेखणीला टोपण लावून बसणे म्हणजे काय, हे मला तिथे कळले. शहरातले नावाजलेले शल्यविशारद, ज्यांच्यापुढे जिल्हाधिकारीही हळू बोलत, ते एकदा उभे राहिले आणि दहा वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या अपेंडिक्सविषयी बोलू लागले. बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला. त्यानंतर सगळे जेवले, आणि शल्यविशारदांनी नेहमीपेक्षा दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या. मला ते फार विलक्षण वाटले. एवढे सांगून माणसाला भूक कशी लागते, असा प्रश्न मी घरी येऊन बायकोला विचारला होता. ती म्हणाली, सांगितल्यामुळेच लागत असेल.

कार्डांची पद्धतही तुमचीच. नव्या राज्याचे आरोग्य खाते त्या वेळी स्वतःची टेबले मांडण्यात गुंतले होते. कोणत्या वस्तीत कोणता रोग वाढतो आहे, हे आधी कळायचे ते डॉक्टरांनाच, आणि प्रत्येकाला आपल्यापुरते. म्हणून तुम्ही पत्ता छापलेली कार्डे काढलीत. डॉक्टराने दर शनिवारी एक कार्ड टपालात टाकायचे: ताप इतके, जुलाब इतके, पीलिया म्हणजे कावीळ इतके, आणि शेवटच्या रकान्यात रोग्यांची वये. कार्डे माझ्याकडे येत. मी ती वहीत चढवीत असे आणि भिंतीवरच्या शहराच्या नकाशात त्या त्या वस्तीवर लाल डोक्याची टाचणी टोचत असे. सोमवारी संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात मी आकडे वाचून दाखवीत असे, आणि तुम्ही फोडणी देता देता ऐकत असा. मध्येच पळी थांबे. मग मला कळे, की उद्या सकाळी खात्याला फोन जाणार. त्या नकाशाचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू. टाचण्या सरळ रेषेत, वहीत खाडाखोड नाही, प्रत्येक कार्डावर आल्याची तारीख. आणि नियम मीच सुचवलेला होता, आणि तुम्ही मान हलवून तो मान्य केला होता, की अपुरे कार्ड धरले जाणार नाही. ते 'अपूर्ण' अशा चिठ्ठीसह परत जाईल. कार्डाच्या मागे तो नियम छापलेलाही होता.

तलावापलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, दवाखाना असलेले ते डॉक्टर तुम्हांला आठवतातच. अस्सल छत्तीसगढी माणूस, आवाज असा की खालच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या हादरत. मला ते 'बड़े बाबू' म्हणत. त्यांच्या दवाखान्यात रोग्यांची एवढी गर्दी, की कार्ड ते स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहीत असावेत. राजधानी होऊन दुसरा उन्हाळा लागला होता. रस्ते जिकडेतिकडे खोदलेले होते. त्यांचे एक कार्ड आले. त्यात पीलियाच्या रकान्यात आकडा नव्हता, नुसते 'बहुत हे', पुष्कळ आहेत, असे लिहिलेले होते, आणि वयांचा रकाना कोरा. मी चिठ्ठी लावून ते परत पाठवले. पुढच्या आठवड्यात दुसरे आले. पुन्हा 'बहुत हे', आणि खाली जरा मोठ्या अक्षरांत 'देख लौ भई'. वयांचा रकाना कोराच. मी तेही परत पाठवले, आणि जावक वहीत दोन्ही नोंदी सुवाच्य अक्षरांत केल्या.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तुम्ही जिना चढून वर आलात. तुम्ही त्या पाऱ्यात एका बाळंतिणीला पाहायला गेला होतात. आल्या आल्या पाणीही न पिता तुम्ही नकाशासमोर उभ्या राहिलात. मी अजूनही तुमची ती पाठ पाहतो आहे: पांढरे पातळ, खांद्यावरची पर्स उतरवलेली नाही, बोट तलावाच्या पलीकडे टेकलेले. "मास्तर, इथं टाचणी काहून नाही?" मी उत्साहाने जावक वही उघडली. दोन कार्डे, दोन तारखा, परत पाठवण्याचे कारण. तुम्ही ती पाने नीट वाचलीत. मला वाटले, आता तुम्ही त्या डॉक्टरांना फोन लावून झापणार. तुम्ही वही मिटलीत आणि माझ्या हातात परत दिलीत. "तुमची वही ठणठणीत आहे, मास्तर," तुम्ही म्हणालात. "तिकडं लोकं पिवळे होऊन राहिले." एवढेच. आवाज चढला नाही. माझ्या आयुष्यात वडिलांच्या छडीपासून साहेबांच्या मेमोपर्यंत बरेच काही मला मिळालेले आहे, पण तुमच्यासमोर न विचारता मी खुर्चीत बसलो तो त्या एका वाक्याने. मग तुम्ही फोन ओढलात, आणि म्हणालात, बसू नका, सगळ्यांचे नंबर लावून द्या.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र, बाई, मी कितीही अपराधी असलो तरी, माझ्या आठवणीतल्या सगळ्यांत आनंदाच्या सकाळींपैकी एक आहे. शहरातल्या तीस डॉक्टरांनी आपापले दवाखाने बंद ठेवले आणि ते तलावापलीकडे जमले. खात्याने क्लोरीनच्या गोळ्या आणि टँकर पाठवले होते; पाण्याची एक जुनी नळी नालीतून जात होती आणि आता ती फुटलेली आहे, हे शोधायला दुपारही लागली नाही. तोवर घरोघर जायचे, डोळे पाहायचे, पाणी उकळायला सांगायचे. पण डॉक्टर लोकांना रांगेत चालण्याची सवय नसते. तीन जण एकाच घरात शिरत आणि समोरचे घर राहून जाई. शेवटी मी खडू घेतला आणि पाहून झालेल्या दारावर खूण करीत त्यांच्यामागून फिरू लागलो. शल्यविशारद पाण्याची बादली वाहत होते; एका म्हातारीने त्यांना ओळखले नाही आणि "ठीक से धर भैया, छलक जाही" असे दटावले, तर त्यांनी निमूटपणे दुसरा हात लावला. नेत्रतज्ज्ञ सगळ्यांत खुशीत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा साऱ्या मोहल्ल्याची बीमारी आपल्या खात्यात आली, असे ते ज्याला त्याला सांगत होते आणि लोकांच्या पापण्या ओढत होते. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमिनीवर बसून भात-भाजी जेवले, वाढणारे कोण आणि जेवणारे कोण याचा हिशेब न ठेवता. तुम्ही एका ओंडक्यावर बसून मला हाक मारलीत आणि म्हणालात, मास्तर, खडूच्या खुणा फार सरळ काढल्या बरं. ते टोचून बोलणे नव्हते. म्हणूनच मला जास्त लागले.

कारण तोवर मला कळले होते, की त्या पाऱ्यातली एक गरोदर मुलगी, आठवा संपत आलेली, कावीळ घेऊन रुग्णालयात दाखल झाली आहे. कावीळ गर्भारपणात किती वाईट, हे तुम्ही मला सांगितले नाहीत. ते मी तुमच्या चेहऱ्यावर वाचले आणि मग बालरोगतज्ज्ञांना विचारून घेतले. त्यांनी खरे ते सांगितले. बाकीची माणसे हळूहळू बरी होतील, पण या मुलीचे सांगता येत नाही. मी घरी येऊन जावक वही काढली. पहिले कार्ड आले त्या दिवशी टाचणी टोचली असती तर तिच्या घागरीत ते पाणी गेलेच नसते, असे मला कोणी म्हटले नाही. कोणी म्हणण्याची आवश्यकता नव्हती. तारखा समोर होत्या, माझ्याच अक्षरांत. तीन दिवस मी जेवलो की नाही ते आठवत नाही. रोज सकाळी मात्र रुग्णालयात जात असे आणि वॉर्डाबाहेर तिच्या सासूशेजारी बसत असे. ती मला कुठल्या तरी खात्याचा माणूस समजत होती आणि माझ्यासाठी डब्यात भाकर राखून ठेवत होती. मी ती खात असे. नाही म्हणण्याचा अधिकार मला वाटत नव्हता.

दुसरा शनिवार जवळ आला होता. मी तुमच्या दवाखान्यात येऊन उभा राहिलो आणि म्हणालो, की या खेपेची चूक मी सांगू इच्छितो. मी डॉक्टर नाही, हे मला मान्य आहे. तुम्ही हातातले प्रिस्क्रिप्शन पूर्ण लिहिलेत, मग वर पाहिलेत. "चूक कराले डिग्री लागली नाही," तुम्ही म्हणालात, "तं सांगाले काहून लागन?" मी चार पाने लिहून आणली होती. दार लागल्यावर तुम्ही ती माझ्या हातातून अलगद काढून घेतलीत आणि म्हणालात, वाचू नका, सांगा. मी उभा राहिलो. माझे हिंदी वाकडेतिकडे, लिंगे चुकतात, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्याची शुद्ध राहिली नाही. दोन कार्डे, 'बहुत हे', कोरा रकाना, चिठ्ठी, वही. वॉर्डात पडलेली मुलगी. बोलून झाल्यावर शल्यविशारदांनी हळूच विचारले, "कार्ड अधूरा हो तो हर बार लौटाते थे?" मी म्हणालो, "नियम यही था." तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, क्षणभर, आणि मग नजर खिडकीकडे वळवलीत. तेवढ्यात तलावापलीकडचे ते डॉक्टर उठले. मला वाटले, आता तो आवाज फुटणार. पण ते हळू बोलले. "गलती मोर घलो हे, बड़े बाबू," ते म्हणाले. चूक माझीही आहे, रकाना मी हट्टाने कोरा ठेवला, फोन करायला हवा होता, स्कूटर होती, यायला हवे होते. समजूत घालायची नाही हा नियम त्यांनी मोडला, आणि तुम्ही त्यांना अडवले नाहीत. मग दार उघडले आणि कोणीतरी पुऱ्या आल्याचे सांगितले. मी जेवायला बसलो. बाई, मला भूक लागली होती.

मुलगी अजून धोक्यातच होती. पुढचे नऊ दिवस मी कार्यालयात बसून फोनकडे पाहत असे. दहाव्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील, तो वाजला. तुम्ही रुग्णालयातून बोलत होतात, मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका. "मास्तर, पोट्टी झाली. मायलेकी दोघी बऱ्या आहेत. लिहा." मी पेन उचलले, वही उघडली, आणि खरोखर गोंधळून तुम्हांला विचारले, की कोणत्या रकान्यात लिहू. मग तुम्ही हसू लागलात. तुमचे ते हसणे, कोणी पायरीवरून घागर सोडून द्यावी तसे, थांबतच नव्हते, आणि मागे कोणीतरी विचारत होते, काय झाले, काय झाले. शेवटी तुम्ही म्हणालात, "कुठीबी लिहा!" मी वहीच्या आतल्या बाजूला, जिथे काहीच लिहायचे नसते तिथे, तारीख घालून लिहिले: मुलगी. दोघी सुखरूप.

छट्ठीला, म्हणजे बाळाच्या सहाव्या दिवशी, तुम्ही मला सोबत नेलेत. पाऱ्यातले ते एक खोलीचे घर, दारात शेणाचा सडा, आत ती मुलगी बाळाला घेऊन बसलेली. डोळ्यांतला पिवळेपणा ओसरत आलेला, अगदी गेलेला नाही. सगळ्या पाहुण्यांना कांके पाणी दिले जात होते, बाळंतिणीसाठी करतात तो तिखट काढा. माझ्यासमोर वाटी आली आणि माझ्या तोंडून निघून गेले, की पाणी उकळलेले आहे ना. मग तीच सासू, जी मला भाकर राखून ठेवत असे, पदर तोंडाला लावून म्हणाली, "डबका के त बनाथन, बाबू." उकळूनच तर करतात. बायका हसल्या, तुम्ही हसलात, बाळसुद्धा दचकून हलले. मी वाटी एका दमात संपवली आणि ठसका लागून माझ्या डोळ्यांत पाणी आले. तेवढेच कारण होते, असे मी सगळ्यांना सांगितले.

नियम आपण त्याच आठवड्यात बदलला. कार्ड कसेही येवो, आधी टाचणी, मग चौकशी. 'अपूर्ण' असे छापलेल्या चिठ्ठ्या तुम्ही मागून घेतल्यात आणि तुमच्या मोलकरणीला किराण्याची यादी करायला देऊन टाकल्यात. माझ्या पासष्टाव्या वाढदिवसाला तुम्ही टाचण्यांची एक मोठी डबी दिलीत, वर कागद चिकटवून: पुरल्या नाही तर सांगा. पुरल्या, बाई. पुढे संगणक आले, कार्डे बंद झाली, नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर खात्यांच्या काचेच्या इमारती झाल्या आणि आकडे तिकडे आपोआप जाऊ लागले. दुसऱ्या शनिवारी दार मात्र अजून लावतात. मी गेल्या वर्षापर्यंत जात होतो. आता जिना जमत नाही. तुम्ही गेलात त्या महिन्यातल्या सभेत कोणीच आपली चूक सांगितली नाही. प्रत्येकाने तुम्ही पकडलेली आपली एक चूक सांगितली, आणि रात्रीचे जेवण थंड होईपर्यंत लोक हसत होते. तुम्हांला आवडले असते.

हे सगळे लेखात आहे, तुमच्या हसण्याबोलण्याखेरीज आणि बंद दारामागे सांगितले गेले त्याखेरीज. आता जे लेखात नाही ते. नियम तोच होता, हे खरे आहे. पण बाई, तो मी पाळत नव्हतो. दर आठवड्याला पाच-सहा कार्डे अपुरी येत. शल्यविशारदांच्या कार्डावर तर तारीखही नसे. त्या सगळ्यांना मी फोन करीत असे, राहिलेले विचारून घेत असे आणि रकाना माझ्या हाताने भरून टाकत असे. परत गेली ती एकट्या त्या डॉक्टरांचीच. मी नवीन असताना पहिल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात इस्त्रीचा पांढरा सदरा घालून टेबलाशी उभा होतो. ते आले, माझ्याकडे नीट न पाहता म्हणाले, "ए भैया, दो गिलास पानी ला तो," आणि मी आणून दिले. ते पाणी प्याले आणि रिकामे पेले माझ्याच हातातल्या ताटलीत ठेवून ते पाठ फिरवून बोलत राहिले. एवढेच घडले होते. ते मी दीड वर्ष सांभाळले आणि दोन कार्डांवर काढले, आणि भर सभेत नियमाच्या आड उभा राहिलो. तुम्ही खिडकीकडे पाहिलेत ते त्यामुळेच का, हे मी तुम्हांला विचारू शकलो असतो. तुम्ही जाईपर्यंत आठ वर्षे होती. विचारले नाही.

हे पत्र टपालात जाणार नाही, हे सांगायला नको. वाचायला हवे ते त्या डॉक्टरांनी. ते आहेत, पंचाहत्तरीचे झाले आहेत, आवाज तेवढाच आहे, आणि दर रविवारी सकाळी माझा रक्तदाब मोजायला येतात. फी विचारली तर रागावतात. प्रत्येक रविवारी मी ठरवतो, की आज सांगायचे, आणि प्रत्येक रविवारी रक्तदाब थोडा जास्त निघतो. परवाही तेच झाले. उन्हातून आले होते, त्यांची बायको सोबत होती, आणि खुर्चीत बसता बसता त्यांनी आत हाक दिली, की बड़े बाबू, दो गिलास पानी. नात घरात नव्हती. मी उठलो, दोन पेले भरून आणले आणि त्यांच्यासमोर ठेवले. मला काहीच वाटले नाही, असे लिहिणार होतो. थोडेसे वाटले.